ऑफिसातले चौकस डोळे आणि फोनचे चोरकप्पे

शेजारच्या खुर्चीवरच्या सहकाऱ्याला तुमचा पासवर्ड फोडायचा नसतो. तेवढी उठाठेव कोण करतो? त्याला जाता-येता स्क्रीनवर नजर टाकायची असते, डब्याच्या टेबलावर वाजलेल्या फोनवरचं नाव वाचायचं असतं, आणि तिशी उलटली तरी "लाडू कधी?" ह्या प्रश्नावर तुम्ही हसून वेळ का मारून नेता ह्याचा छडा लावायचा असतो. ऑफिसात आउट नसलेल्या, म्हणजे आपण गे आहोत हे तिथे न सांगितलेल्या माणसाला फोनमधल्या लपवाछपवीच्या सोयी लागतात त्या ह्या नजरेसाठी. म्हणून अँड्रॉइडचं प्रायव्हेट स्पेस, सॅमसंगचं सिक्युअर फोल्डर, आयफोनमधली अ‍ॅप लपवायची सोय आणि व्हॉट्सअ‍ॅपचं चॅट लॉक ह्या चौघांना इथे एकच कसोटी लावली आहे: दीड फुटावर बसून दुसऱ्याच्या लग्नाची काळजी वाहणाऱ्या माणसापुढे हे टिकतं का? चोर, पोलीस किंवा फोनचा पिन माहीत असलेले घरचे, हा वेगळा विषय.

निकाल आधीच सांगून टाकतो. मोठ्या थाटाचे कप्पे चांगले आहेत, पण बिंग फुटतं ते बहुतेक वेळा कप्प्याबाहेर. नोटिफिकेशनची एक ओळ, मीटिंगमध्ये शेअर झालेली अख्खी स्क्रीन, नाहीतर ट्रिपचे फोटो बघायला म्हणून हातात दिलेला फोन. चारही सोयी फुकट आहेत. लावायला वेळ लागत नाही. पण त्यांच्या आजूबाजूचं आवरलं नाही तर त्यांचा उपयोग अर्धाच.

अँड्रॉइड १५ बरोबर २०२४ मध्ये आलेलं प्रायव्हेट स्पेस ह्या चौघांत सर्वांत भक्कम. सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी अँड प्रायव्हसी, त्यात प्रायव्हेट स्पेस. फोन वेगळं गूगल अकाउंट उघडायचं सुचवतो. ते ऐकावं, कंटाळा करू नये. तेच जुनं अकाउंट आत वापरलं तर आतल्या अ‍ॅपमधला डेटा, फोटो, सुचवण्या आणि जाहिराती सिंक होऊन बाहेर डोकावण्याची शक्यता राहते, आणि मग कप्प्याला अर्थ उरत नाही. दुसरी गोष्ट कुलपाची. फोनचाच पिन ठेवायचा की निराळा, असं विचारलं जातं. निराळाच ठेवा. फोनचा पिन आपण कँटीनमध्ये, लिफ्टमध्ये, बसमध्ये दिवसभर चारचौघांत टाकत असतो, आणि पॅटर्न असेल तर तो समोरच्याला पाठही झालेला असतो.

कप्पा बंद असला की आतली अ‍ॅप नुसती झाकली जात नाहीत, ती थांबतात. रीसेंट्समध्ये, म्हणजे नुकत्याच उघडलेल्या अ‍ॅपच्या यादीत दिसत नाहीत, नोटिफिकेशन देत नाहीत, मागे चालतही नाहीत. ऑफिससाठी हा सर्वांत मोठा गुण आणि तीच सर्वांत मोठी अडचण. नऊ ते सहा डेटिंग अ‍ॅप मेल्यासारखं पडून राहावं हे उत्तम. पण जोडीदाराशी बोलायचं मेसेजिंग अ‍ॅपही आत टाकलं, तर त्याचा निरोप कप्पा उघडेपर्यंत कळत नाही. तेव्हा डेटिंग अ‍ॅप आत आणि रोजचं बोलणं बाहेर, अशी वाटणी सोयीची पडते. आपोआप कुलूप लागण्याचे तीन पर्याय आहेत: फोन लॉक होताच, स्क्रीन बंद झाल्यावर पाच मिनिटांनी, किंवा फोन रीस्टार्ट झाल्यावरच. पहिला निवडा. तिसरा पर्याय ऑफिसच्या दृष्टीने कुलूप नसल्यातच जमा.

अ‍ॅपच्या यादीच्या तळाशी कप्प्याची खूण राहते. 'लॉक असताना लपवा' हा पर्याय चालू केला की तीही जाते. मग उघडायचं असेल तर यादीच्या सर्चमध्ये 'प्रायव्हेट स्पेस' असं टाइप करावं लागतं. हे कुणीही करून बघू शकतो, पण पुढे कुलूप असतंच. खरी गैरसोय फोन बदलताना कळते. प्रायव्हेट स्पेस नव्या फोनवर नेता येत नाही. आतलं जे हवं असेल ते आधी बाहेर काढून घ्यावं लागतं. जुना फोन एक्स्चेंजला देण्याच्या दिवशी घाईत हे राहून जातं.

सॅमसंगवाल्यांकडे सिक्युअर फोल्डर आहे, आणि ते प्रायव्हेट स्पेसच्या बरंच आधीचं आहे. त्याला सॅमसंग अकाउंट लागतं. आत अ‍ॅपची स्वतंत्र प्रत बसते, म्हणजे बाहेर एक व्हॉट्सअ‍ॅप आणि आत दुसऱ्या नंबरचं दुसरं, असं चालतं. हे फार कामाचं. आयकॉन अ‍ॅपच्या यादीतून काढून टाकता येतो. कमी पडतं ते नोटिफिकेशनमध्ये: मजकूर झाकता येतो, पण सिक्युअर फोल्डरकडून काहीतरी आलंय एवढं वर दिसू शकतं. चौकस माणसाला "काहीतरी आहे" हे कळणं म्हणजे निम्मं कळल्यासारखंच. आतल्या अ‍ॅपच्या सूचना एकेक करून बंद करा. ओप्पो, रियलमी, वनप्लसच्या फोनवर अ‍ॅप लपवून डायलरमध्ये हॅशने सुरू आणि हॅशने संपणारा कोड टाकून उघडायची सोय मिळते. नाटकी आहे, पण चालते.

आयफोनवर आयओएस १८ पासून अ‍ॅपच्या आयकॉनवर बोट दाबून धरलं की 'रिक्वायर फेस आयडी' येतं, आणि त्यात 'हाइड अँड रिक्वायर फेस आयडी'. अ‍ॅप होम स्क्रीनवरून जाऊन अ‍ॅप लायब्ररीच्या तळाशी 'हिडन' नावाच्या फोल्डरमध्ये पडतं. ह्यातला चांगला विचार असा की तो फोल्डर प्रत्येक आयफोनवर असतो, आत काही असो वा नसो. म्हणजे फोल्डर दिसला म्हणून कुणाला काही सिद्ध करता येत नाही. लपवलेल्या अ‍ॅपची सूचना येत नाही, कॉलही येत नाही. मर्यादा तीन. फोनमध्ये मुळातच असलेली बरीचशी अ‍ॅप लॉक होतात, लपत नाहीत. लपवलेल्या अ‍ॅपचं नाव बॅटरीच्या वापरात, स्क्रीन टाइममध्ये आणि अ‍ॅप स्टोअरच्या खरेदीच्या यादीत सापडू शकतं. आणि हे लपवणं त्या एका यंत्रापुरतं असतं. त्याच अ‍ॅपल आयडीवरच्या आयपॅडवर ते अ‍ॅप उघड्यावर बसलेलं असतं. चेहरा ओळखला गेला नाही तर फोनचा पासकोड चालतो, तेव्हा चार आकडी जन्मतारीख पासकोड म्हणून ठेवली असेल तर ती आधी बदला. टीममध्ये सगळ्यांचे वाढदिवस एचआरच्या मेलमधून जाहीर झालेले असतात.

आता व्हॉट्सअ‍ॅप. ऑफिसात दिवसभर उघडं असतं ते हेच, म्हणून ह्यावर जास्त वेळ घालवण्यात अर्थ आहे. चॅट लॉक २०२३ मध्ये आलं. चॅटवर बोट दाबून धरा, तीन टिंबं, 'लॉक चॅट'. ती चॅट 'लॉक्ड चॅट्स'मध्ये जाते आणि यादी खाली ओढली की तो फोल्डर वर दिसतो. एवढ्यावर थांबणं ही नेहमीची चूक, कारण यादी खाली ओढायची सवय सगळ्यांच्याच बोटांना असते आणि "लॉक्ड चॅट्स" हे शब्द दिसणं हीच शेजाऱ्याला मेजवानी. त्याच फोल्डरच्या सेटिंग्जमध्ये सीक्रेट कोड आहे. तो लावून 'हाइड लॉक्ड चॅट्स' चालू केलं की फोल्डर यादीतून नाहीसा होतो आणि सर्चमध्ये कोड टाकल्यावरच येतो. कोड म्हणून रोजचा शब्द नको. 'केक' किंवा 'डबा' ठेवलात आणि टीमच्या ग्रुपमधला कालचा मेसेज शोधायला सर्वांदेखत तोच शब्द टाइप केलात, तर फोल्डर आपण होऊन दर्शन देईल. शब्द, आकडा आणि इमोजी मिसळता येतात, मिसळा.

कोड विसरला तर व्हॉट्सअ‍ॅप तो सांगत नाही. एकच वाट आहे, प्रायव्हसीमधल्या चॅट लॉकमध्ये जाऊन सगळं 'अनलॉक अँड क्लिअर' करणं. ह्यात कुलूप निघतं आणि लॉक केलेल्या चॅटही पुसल्या जातात.

चॅट लॉकमधलं मोठं भगदाड कॉलचं. लॉक केलेल्या माणसाचा मेसेज आला तर नाव न दाखवता नुसतं 'नवा मेसेज' एवढंच येतं, पण कॉलला कुलूप नसतं. फोन वाजला की नाव आणि डीपी पूर्ण स्क्रीनभर. डीपीत तुम्ही दोघं गळ्यात गळे घालून असाल तर बोलायलाच नको. तेव्हा कॉन्टॅक्टचं नाव नीट ठेवा. पुष्कळ जण जोडीदाराचं नाव मुलीचं म्हणून सेव्ह करतात. ही युक्ती आमच्या मते वाईट. 'स्नेहा' नावाचे दिवसातून चार कॉल आले की दुसऱ्या आठवड्यात सगळ्या मजल्याला स्नेहा माहीत होते, मग ती कुठली, काय करते, पार्टीला का आणत नाहीस, आणि प्रत्येक उत्तर लक्षात ठेवायची जबाबदारी तुमच्यावर. त्यापेक्षा नुसतं आडनाव. कुलकर्णी, शेख, परेरा, जे असेल ते. खोटं काही नाही, लक्षात ठेवायचं काही नाही, आणि आडनावाने सेव्ह केलेली पन्नास माणसं प्रत्येकाच्याच फोनमध्ये असतात.

लॅपटॉपवर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडं ठेवून चहाला जाण्याची खोड असेल तर चॅट लॉकची निम्मी मेहनत पाण्यात. वेबच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये पासवर्डचं अ‍ॅप लॉक आहे, ते लावा. नोटिफिकेशनमधला मेसेजचा प्रीव्ह्यू बंद करा. आणि खुर्चीवरून उठताना विंडोज की आणि एल दाबून लॅपटॉप लॉक करा. हे तिसरं बोटांत बसलं तर पहिल्या दोहोंची गरज पडणारही नाही.

ह्यावरून नोटिफिकेशन. फोनच्या लॉक स्क्रीनवर मजकूर झाकायचा हे सगळे करतात: अँड्रॉइडवर 'सेन्सिटिव्ह नोटिफिकेशन्स' बंद, आयफोनवर 'शो प्रीव्ह्यूज' ला 'व्हेन अनलॉक्ड' किंवा 'नेव्हर'. विसरतात ते मनगटावरचं घड्याळ. दीड-दोन हजारांची स्मार्टवॉचही मेसेजचा मजकूर ठळक अक्षरांत दाखवतात, आणि मीटिंगमध्ये हात टेबलावरच असतो. घड्याळाच्या अ‍ॅपमध्ये कुठल्या अ‍ॅपच्या सूचना दाखवायच्या ह्याची यादी असते, त्यात फक्त कॉल आणि कॅलेंडर ठेवलं तरी भागतं. तसंच विंडोजचं फोन लिंक: फोन जोडला असेल तर फोनवरची प्रत्येक सूचना ऑफिसच्या लॅपटॉपवर उजव्या कोपऱ्यात टपकते. जोडणी तोडून टाका.

स्क्रीन शेअर करताना 'एंटायर स्क्रीन' कधीच नको, फक्त ती एक विंडो. मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये मीटिंग चालू असताना सूचना गप्प ठेवायचा पर्याय आहे. विंडोज ११ मध्ये प्रोजेक्टरवर डिस्प्ले डुप्लिकेट झाला की 'डू नॉट डिस्टर्ब' आपोआप लागेल असं नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये ठरवता येतं. मॅकवर स्क्रीन शेअर किंवा मिरर होत असताना सूचना येऊ द्यायच्या का, ह्याचं बटण आहे. ते बंद असलेलं बरं.

पण ह्या सगळ्यांहून घातकी आहे क्रोमची पत्त्याची पट्टी. ऑफिसच्या लॅपटॉपवर क्रोममध्ये स्वतःचं जीमेल लावून सिंक चालू ठेवलं असेल, तर रात्री फोनवर जे उघडलं त्याचा इतिहास सकाळी लॅपटॉपवर येऊन बसतो. मग क्लायंटसमोर जीरा (कामांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर) उघडायला 'जे' हे एक अक्षर दाबलं की पट्टीखाली जी पाच नावं उतरतात त्यांत जीरा असेलच असं नाही. इन्कॉग्निटोवर, म्हणजे इतिहास न ठेवणाऱ्या टॅबवर, भिस्त ठेवू नका. जी गोष्ट फोनवर साध्या टॅबमध्ये उघडली ती इतिहासात गेलीच. उपाय सरळ आहे. ऑफिसच्या यंत्रावर ऑफिसचं प्रोफाइल आणि दुसरं काही नाही. स्वतःचं अकाउंट ठेवायलाच हवं असेल तर सिंकच्या सेटिंगमध्ये हिस्टरी आणि ओपन टॅब्ज तेवढे बंद करा.

कीबोर्डही असाच फितूर. गूगलचा जी बोर्ड तुमचे शब्द शिकतो आणि सहकाऱ्याच्या पुढ्यात दोन अक्षरांवरून लाडकं संबोधन पूर्ण करून देतो. अलीकडे वापरलेल्या इमोजींची रांग तर त्याहून बोलकी. प्रायव्हसीमध्ये जाऊन शिकलेले शब्द पुसता येतात.

फोन हातात देण्याची वेळ रोज येते. "बघू रे महाबळेश्वरचे फोटो" म्हणून घेतलेला फोन तीन फोटोंनंतर डावीकडे-उजवीकडे सरकतोच, त्यात वाईट हेतू असतोच असं नाही, बोट आपोआप जातं. ह्यावर दोन सोयी आहेत आणि त्या फार थोडे वापरतात. अँड्रॉइडवर अ‍ॅप पिनिंग: सिक्युरिटीच्या सेटिंगमध्ये चालू करायचं, 'अनपिन करताना पिन विचारा' हेही चालू करायचं, मग रीसेंट्समध्ये अ‍ॅपच्या आयकॉनवर टॅप करून 'पिन'. आता त्या अ‍ॅपच्या बाहेर पिनशिवाय पडता येत नाही. पण गॅलरी पिन केली तर अख्खी गॅलरी त्याच्या हातात राहते, हे ध्यानात ठेवा. आयफोनवरचं गायडेड अ‍ॅक्सेस इथे एक पाऊल पुढे आहे. अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये चालू करून बाजूचं बटण तीनदा दाबायचं, पर्यायांत 'टच' बंद करायचा: फोटो दिसतो, बोट फिरवलं तरी ढिम्म हलत नाही. "हँग झाला वाटतं" म्हणून तो स्वतःच परत देतो. ह्या एका कामात आयफोनला पैकीच्या पैकी.

गॅलरीबद्दल आणखी दोन शब्द. गूगल फोटोजमध्ये मेमरीजच्या सेटिंगमध्ये ठरावीक माणसाचा चेहरा लपवता येतो, नाहीतर "तीन वर्षांपूर्वी, दिवेआगर" असं म्हणत अ‍ॅप भलत्या वेळी तुम्हा दोघांचा सूर्यास्त वर आणतं. लॉक्ड फोल्डर चांगला आहे, मात्र त्याचा बॅकअप वेगळा चालू करावा लागतो. तो न करता फोन हरवला तर फोटोही गेले. आयफोनचा हिडन अल्बम आयओएस १६ पासून फेस आयडीमागे आहे.

ऑफिसच्या वायफायबद्दल बरेच गैरसमज आहेत. नेटवर्क सांभाळणाऱ्याला चॅटचा मजकूर सहसा दिसत नाही, पण कुठल्या साइटशी किंवा कुठल्या अ‍ॅपच्या सर्व्हरशी जोडणी झाली हे दिसू शकतं. कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर तिचं स्वतःचं सर्टिफिकेट (कुलूपबंद जोडणीतलंही वाचू देणारी डिजिटल किल्ली) बसवलेलं असेल तर त्याहूनही जास्त. स्वतःच्या फोनवर स्वतःचा डेटा वापरला की हा प्रश्न मिटला. स्वतःच्या अँड्रॉइडवर कंपनीने वर्क प्रोफाइल टाकायला सांगितलं तर घाबरायचं कारण नाही: ब्रीफकेसची खूण असलेली अ‍ॅप कंपनीच्या ताब्यात, बाकीची तिला दिसत नाहीत. कंपनीने दिलेला, पूर्ण तिच्या ताब्यातला फोन मात्र निराळा. त्यावरच्या सगळ्या अ‍ॅपची यादी आयटीला मिळू शकते. तिथे कितीही चांगला चोरकप्पा असला तरी घर दुसऱ्याचं आहे.

डेटिंग अ‍ॅपचं दुखणं फोनच्या कुठल्याच कप्प्यात सुटत नाही, कारण तिथे तुम्हाला लपवायचं असतं, आयकॉनला नाही. ग्राइंडर ह्या गे डेटिंग अ‍ॅपवर अंतर दाखवणं बंद करता येतं, पण प्रोफाइलच्या जाळीतला क्रम जवळून लांबकडेच लागतो. हिंजवडी, ऐरोली किंवा बीकेसीतल्या एकाच इमारतीत हजारो लोक काम करतात. तिथे उघडलंत तर तिसऱ्या मजल्यावरच्याला तुम्ही पहिल्या रांगेत दिसाल. तो स्वतःही तिथेच आहे हा दिलासा खरा, पण मजा बघायला बनवलेली खोटी अकाउंट असतात. ऑफिसच्या परिसरात उघडूच नये, आणि लोकेशनची परवानगी 'वापरताना फक्त' एवढीच द्यावी. टिंडरवर 'ब्लॉक कॉन्टॅक्ट्स' आहे. त्यात सगळे कॉन्टॅक्ट देऊन टाकण्यापेक्षा टीममधल्यांचे नंबर हाताने घालणं शहाणपणाचं. समोरच्याला कळवलं जात नाही. मात्र त्याने ज्या नंबरने किंवा ईमेलने अकाउंट उघडलं तोच घातला असेल तरच हे लागू पडतं. ऑफिसचा नंबर ब्लॉक केला आणि त्याचं अकाउंट दुसऱ्या सिमवर असलं तर उपयोग शून्य. प्रोफाइलमधली कंपनी आणि हुद्द्याची रकाने रिकामी ठेवा. ऑफिसच्या ओळखपत्राची दोरी गळ्यात असलेला फोटो तर मुळीच नको. दोरीवरचा रंग आणि लोगो बघून निम्मं पुणे कंपनी ओळखतं.

एवढं करूनही कुणाला कळलं तर? कायद्याने स्थिती अशी आहे: २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाने लैंगिक कल खासगीपणाच्या हक्कात धरला, ६ सप्टेंबर २०१८ ला नवतेज जोहर निकालाने प्रौढांचे संमतीचे संबंध कलम ३७७ मधून बाहेर काढले. पण खासगी कंपनीने गे कर्मचाऱ्याशी भेदभाव करू नये असं नेमकं सांगणारा केंद्रीय कायदा नाही; २०१९ चा कायदा ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी आहे. म्हणून ऑफर लेटरबरोबर आलेल्या आचारसंहितेत 'सेक्शुअल ओरिएंटेशन' हे शब्द आहेत का ते आजच बघून ठेवा, आणि तो कागद ऑफिसच्या ड्राइव्हवर नाही, स्वतःकडे ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर एचआरपुढे तेच एक हत्यार असतं.

आणि कुणी "सांगू का सगळ्यांना?" म्हणत पैसे मागू लागला, मग तो सहकारी असो की अ‍ॅपवर भेटलेला अनोळखी, तर ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली येणारी खंडणी आहे. एकदा दिले की पुन्हा मागतो. सायबर हेल्पलाइन १९३०. तक्रार सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवरही होते. घाबरून चॅट पुसू नका. स्क्रीनशॉट घ्या, त्यात नंबर आणि वेळ दिसेल असं बघा, आणि ती चॅट कुलपात असेल तर निदान तोवर तरी 'अनलॉक अँड क्लिअर'ला हात लावू नका, नाहीतर पुरावाच जाईल.